घरी बांधलेली होडी गरवताना डुलते: उलांडी लावू की बैठक खाली घेऊ?

कर्लीकाठ:
नमस्कार मंडळी. पावसाळ्यात पडवीत एकट्यापुरती वल्ह्याची होडी बांधली. ६ मिमी मरीन प्लाय, सांध्यांना फायबरची पट्टी आणि इपॉक्सी. लांबी १२ फूट, मध्ये रुंदी २८ इंच, तळ सपाट, बैठक तळापासून ९ इंच वर. कर्लीच्या खाडीत, तारकर्लीच्या बाजूला, भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) चालवून बघतोय.

नुसती वल्हवली तर झकास चालते. गरी पाण्यात पडली की मात्र वागणं बदलतं. परवा तांबोशी लागली आणि थेट खारफुटीच्या मुळांकडे निघाली. काठीबरोबर माझाही तोल उजवीकडे गेला, काठ पाण्यापासून चार बोटांवर आला. तेवढ्यात दोरा तुटला आणि होडी तशीच डावीकडे कलली. मासा जाळीत घ्यायला वाकलो तरी तीच गत. दुपारी खारा वारा सुटला की होडी वाऱ्याला आडवी होते, मग हातात काठी धरू की वल्हं?

ही होडी मला मनापासून आवडलीय, म्हणून नीट करायचीय. उलांडी, म्हणजे बाजूला दांड्यांवर तरता ओंडका, बांधू का? आणि नांगराची दोरी हाताशी, मधल्या काठाला बांधली तर चालेल का?

खारफुटी:
आधी बैठक खाली घ्या, पैसे लागत नाहीत. ९ इंचांवरून ४-५ वर आणा, फरक लगेच कळेल. उलांडी कोकणात उगाच टिकलेली नाही, पण मासा होडीखालून पलीकडे गेला की दोरा तिच्यात अडकतो, आणि खारफुटीच्या चिंचोळ्या फाट्यात ती आड येते.

चाचणी कमरेएवढ्या पाण्यात घ्या. दोऱ्याला गरीऐवजी चिंधी बांधा आणि मित्राला पाण्यात उभं राहून माशासारखं ओढायला सांगा: बाजूने, होडीखालून, मग अचानक सोडून द्यायचं. वल्हवून होडीची जी परीक्षा होत नाही ती यात होते.

जुना तांडेल:
बाळा, नांगर मधल्या काठाला कधीच बांधू नको. प्रवाहात होडी आडवी धरली जाते, दोरी वरच्या अंगाचा काठ खाली ओढते आणि पाणी आत येतं. दोरी नाळेलाच, म्हणजे पुढच्या टोकालाच, सुटत्या गाठीने, आणि सुरी हाताशी.

दुसरं, सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, भान ठेव. सुकती लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या तासाला ओढ सगळ्यात जास्त असते, आणि ती तुला देवबागला खाडी समुद्राला मिळते त्या मुखाकडेच नेणार. तिथे लाटा फुटतात, तुझ्या होडीचं ते काम नव्हे. भरतीबरोबर वर जा, पाणी थांबलं की परतीला लाग. तिथीची पाऊणपट करून भरतीच्या वेळेचा अंदाज येतो, तरी निघण्याआधी तक्ता बघच.

धरणाकाठी:
मी पानशेतच्या पाण्यात अशीच होडी वापरतो. काठालगत ती मुद्दाम पाण्याने भरून बघा. दोन्ही टोकांत २० लिटरचे रिकामे, झाकण घट्ट लावलेले कॅन आवळून बांधा. बुडाल्यावर एकेक कॅन स्वतःचं वजन वजा जाता जवळपास तेवढ्याच किलोंचा भार पेलतो. भरलेल्या होडीला धरून राहता आलं, आणि एकट्याने पाणी उपसता आलं, तरच खोल पाण्यात न्या. वाऱ्यासाठी मागच्या टोकाखाली उभी फळी लावा, होडी सरळ रेषा धरते.

कर्लीकाठ:
सगळ्यांचे आभार. बैठक ५ इंचांवर आणली आणि भावाला चिंधी ओढायला लावली. तो झटका देऊन सोडायचा तेव्हा होडी कलते, पण मध्येच थांबते आणि परत येते. काठ आता वीतभर वर राहतो. होडीखालून ओढलं की मात्र काठी काठावर घासते, तेव्हा काठीचं टोक पाण्यात बुडवून नाळेवरून फिरवावं लागतं. बसून ते जमतं.

उलांडी सध्या नको. तांडेलकाका, दोरी नाळेला घेतली. ती बसल्या जागेवरून सोडता यावी म्हणून नाळेच्या कडीतून मागे आणलीय, हे बरोबर आहे ना? आता कॅन आणि फळीचं काम काढतो. फळी किती खोल ठेवू? भाटीवर, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या जमिनीवर, होडी ओढताना ती मोडायला नको.

धरणाकाठी:
३ इंच पुरे. खालच्या कडेला फायबरची पट्टी चढवा.

जुना तांडेल:
कडीतून आणलीस ते बरोबर. आणि लाइफ जॅकेट अंगात घालून बस, बैठकीखाली ठेवून नव्हे.