सल्ला हवा: फाउंडेशनने लोकप्रतिनिधींकडे जावं का? आणि गेलं तर बोलावं काय?

काठावरची
नमस्कार मंडळी. एका छोट्या कौटुंबिक फाउंडेशनमध्ये अनुदानांचं काम बघते. नोंदणी अमेरिकेतली, 'प्रायव्हेट फाउंडेशन' या वर्गातली (म्हणजे पैसा एकाच कुटुंबाचा, लोकवर्गणीचा नाही). लहान मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेवर काम करणाऱ्या संस्थांना आठ वर्षं पैसे देतोय: रक्ततपासण्या, जुन्या घरांचा रंग खरवडणं, शिशाचे पाइप बदलणं. आता नेमकं याच विषयावरचं विधेयक राज्याच्या विधिमंडळात आलंय. एक विश्वस्त म्हणतात, कायदा झाला तर आठ वर्षं सार्थकी लागली. दुसरे म्हणतात, लॉबिंगचा वाससुद्धा नको, करसवलत जाईल. पुढच्या मंगळवारी एका आमदारबाईंच्या सहायकाने वीस मिनिटं दिली आहेत. एक पानाचं टिपण केलंय, शेवटची ओळ 'सबब हे विधेयक मंजूर व्हावे ही विनंती'. वकिलाकडे जाणारच आहे, पण त्याआधी ज्यांनी हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

उगाच_एक
वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तळटीप
ती शेवटची ओळ आधी खोडा, मग पुढचं वाचा.

खोडलीत? आता कारण. तुमच्या वर्गातल्या फाउंडेशनला १९६९च्या करसुधारणा कायद्याने बांधून ठेवलंय. लोकप्रतिनिधीशी किंवा त्याच्या सहायकाशी बोलणं, विशिष्ट विधेयकाचा उल्लेख आणि त्यावर तुमचं मत, हे तिन्ही एकत्र आले की झालं लॉबिंग. त्यावर खर्च केलेल्या रकमेच्या २० टक्के कर फाउंडेशनवर बसतो. कळून-सवरून मंजुरी देणाऱ्या व्यवस्थापकावर वेगळा ५ टक्के. चूक दुरुस्त केली नाही तर फाउंडेशनवर १०० टक्के. म्हणजे तुमचे दुसरे विश्वस्त अगदीच चुकीचे नाहीत, फक्त 'वाससुद्धा नको' हे जरा जास्त झालं.

कारण मोकळीकही बरीच आहे. विषय समजावून सांगणं लॉबिंग नाही. तुमच्याकडे आठ वर्षांचे आकडे आहेत: किती मुलं तपासली, एका घराचा रंग काढायला काय खर्च आला, कुठे पैसे वाया गेले. हे सगळं सांगा, फक्त विधेयकावर मत देऊ नका. अंमलबजावणी करणाऱ्या खात्याकडे नियमावलीबद्दल बोलणंही करकायद्याच्या व्याख्येत लॉबिंग नाही, आणि तिकडे फारसं कोणी फिरकतच नाही. कायदा विधिमंडळात होतो हे खरं, पण शिशाची मर्यादा किती, तपासायची कुणी, हे बहुतेक वेळा नियमांत ठरतं.

आणखी एक: विधिमंडळाच्या समितीने लेखी मागणी केली तर तुम्ही विधेयकाबद्दलसुद्धा तांत्रिक सल्ला देऊ शकता. मागणी समितीची हवी, एकट्या आमदाराची चालत नाही. उत्तर समितीच्या सगळ्या सदस्यांना मिळायला हवं. राज्याचा लॉबिस्ट-नोंदणीचा कायदा वेगळा असतो, तोही वकिलाला विचारा.

काठावरची
तळटीप, खोडली. पण मग आम्ही नुसते आकडे देणारे? ज्या संस्थांना पैसे देतो त्यांनी लॉबिंग केलं तर?

कलमकसाई
त्यांनी करावंच. सार्वजनिक धर्मादाय संस्थेला (लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या) मर्यादेत लॉबिंगची परवानगी आहे. १९७६पासून त्यांना खर्चावर आधारलेली चाचणी निवडता येते: वर्षाच्या पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत, मग उतरत्या प्रमाणात, कमाल मर्यादा दहा लाख. बऱ्याच संस्था हा एका पानाचा अर्जच भरत नाहीत आणि मग घाबरून गप्प बसतात. तुमच्या संस्थांनी भरलाय का, ते विचारा.

तुमच्या बाजूने दोन मार्ग. पहिला: सर्वसाधारण अनुदान द्या. पत्रात 'लॉबिंगसाठी' असं कुठेही नको, तोंडीसुद्धा ठरवायचं नाही. दुसरा: प्रकल्पाचं अनुदान. प्रकल्प एक लाखाचा आणि त्यात लॉबिंग वीस हजारांचं असेल, तर तुम्ही ऐंशी हजारांपर्यंत देऊ शकता. संस्थेकडून सही केलेलं अंदाजपत्रक घेऊन फाइलला लावा.

मी एकदा अनुदानपत्राचा साचा तपासत होतो. एका उत्साही सहकाऱ्याने मंजुरीच्या इमेलमध्ये लिहिलं होतं, 'हे पैसे त्या बिलासाठी वापरा, शुभेच्छा!' पत्र स्वच्छ, इमेल घातक. तपासणी आली की इमेलही वाचले जातात. आम्ही पैसे जाण्याआधी ते अनुदान रद्द करून नव्याने दिलं.

विश्वस्तांपैकी कुणाला फारच खुमखुमी असेल तर त्यांनी नागरिक म्हणून, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या कागदावर पत्र लिहावं. लेटरहेड नको.

सावलीतला
जरा वेगळा सूर लावतो. हे निर्बंध काही उगाच आले नाहीत. सिनेटर रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर फोर्ड फाउंडेशनने केनेडींच्या आठ कर्मचाऱ्यांना अनुदानं दिली, त्यावर अमेरिकेच्या संसदेत गदारोळ झाला आणि १९६९च्या कायद्यात त्याचा वाटा आहे. श्रीमंतांनी करमुक्त पैशाने कायदे घडवावेत का, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. गेट्स फाउंडेशनने अमेरिकी शाळांसाठीच्या 'कॉमन कोअर' शैक्षणिक मानकांमागे २० कोटींहून जास्त डॉलर लावले, तेव्हा 'यांना कुणी निवडून दिलं?' असं विचारणारे डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना होते. ताई, तुम्हीही हे स्वतःला विचारा. ज्या घरांत शिसं आहे तिथली माणसं तुमच्याबरोबर बैठकीला येणार आहेत का?

तळटीप
शेवटचा मुद्दा १०० टक्के मान्य. पण मागे राहूनही बरंच होतं. कार्नेगी कॉर्पोरेशन या फाउंडेशनने १९६५मध्ये शैक्षणिक दूरचित्रवाणीवर आयोग नेमला. अहवाल जानेवारी १९६७मध्ये आला आणि नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला. माझ्या मते फाउंडेशनचं काम इथपर्यंतच: चांगला अभ्यास करवून घ्या आणि तो सगळ्यांना द्या, विरोधकांनासुद्धा. अशा तटस्थ अभ्यासाच्या शेवटी विधेयकाबद्दल निष्कर्षही काढता येतो, फक्त मांडणी प्रामाणिक आणि पूर्ण हवी आणि 'आमदाराला फोन करा' हे नको.

कलमकसाई
अवांतर: हे सगळं अमेरिकेपुरतं. अटलांटिक फिलँथ्रॉपीज ही देणगीसंस्था बर्म्युडात नोंदलेली होती, म्हणून तिने अमेरिकेतल्या आरोग्यसुधारणेच्या मोहिमेला उघड पैसे दिले. कॅनडाने २०१८मध्ये पक्षनिरपेक्ष धोरणचर्चेवरची मर्यादा काढली. भारतात परदेशी निधी असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) बघावा लागतो, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. दुसऱ्या देशातल्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. अमेरिकेपुरतं विचाराल तर अलायन्स फॉर जस्टिस या संस्थेच्या 'बोल्डर अ‍ॅडव्होकसी' विभागाची मार्गदर्शकं आधी वाचा, मग वकिलाकडे जा. वकिलाचे तास वाचतील.

काठावरची
मंगळवार झाला. सावलीतला यांचं ऐकून एका आईला बरोबर नेलं. आमच्या अनुदानधारक संस्थेची ती स्वयंसेवक आहे, तिच्या मुलाच्या रक्तात शिसं सापडलं होतं. वीसपैकी चौदा मिनिटं तीच बोलली. मी फक्त खर्चाचा तक्ता सरकवला. सहायकाने पेन थांबवून विचारलं, "मग बिलाबद्दल फाउंडेशनचं मत काय?" मी म्हटलं, मत देऊ शकत नाही, पण समितीने लेखी विचारलं तर सगळ्या सदस्यांना उत्तर पाठवू. तो हसला, "फाउंडेशनवाले सगळे हेच म्हणतात." तक्ता मात्र ठेवून घेतला आणि समितीच्या सचिवांचा पत्ता लिहून दिला.

कलमकसाई, अनुदानपत्राचा तो साचा व्यक्तिगत निरोपाने पाठवाल का?