'ओपिऑइड रिसेप्टर'ला मराठीत काय म्हणावं?

निशिगंध :
रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करायचं आहे. 'ओपिऑइड रिसेप्टर'ला 'अफूग्राही' चालेल का? आणि 'न्यूरोपॅथिक पेन'ला 'नसेचं दुखणं' म्हणू की 'चेतावेदना'?

सुश्रुत :
'ग्राही' ठेवा, 'अफू' काढा. हे ग्राही, म्हणजे पेशींवरच्या रेणू बसण्याच्या जागा, मुळात एंडॉर्फिनसारख्या शरीरातच तयार होणाऱ्या रेणूंसाठी आहेत. मॉर्फीन हे अफूतलं औषध आयत्या जागेवर जाऊन बसतं. म्हणून 'ओपिऑइड ग्राही'. म्यू, डेल्टा आणि कप्पा हे त्यांचे मुख्य प्रकार. मॉर्फीनने वेदना कमी होते, श्वास मंदावतो, शौचाला खडा होतो. हे सगळं मुख्यतः म्यूमुळेच, त्यामुळे एक हवं नि दुसरं नको असं जमत नाही. नॅलोक्सोन हे औषध म्यूवरून मॉर्फीनला हुसकावतं, पण स्वतः ग्राहीला चेतवत नाही. त्याला 'उतारा' म्हणा, लगेच कळतं.

अक्षरी :
'नस' नको. बोलीत रक्तवाहिनीही नसच, आणि 'नस चढली' म्हणजे तर स्नायूचा पेटका. 'चेता' पाठ्यपुस्तकातला. 'मज्जातंतूंची वेदना' सर्वांना समजेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुखण्याचे शब्द. पिकलेल्या गळवाला ठणका लागतो. मज्जातंतूला इजा झाली की आग होते, मुंग्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखं होतं, भाग बधिर पडतो. डीएन-४ प्रश्नावली हेच विचारते. १० पैकी ४ किंवा जास्त गुण आले तर मज्जातंतूंच्या वेदनेची शक्यता धरतात. तिथे 'आग' ऐवजी 'ठणका' लिहिलात तर गुणच चुकतील. चादर घासली तरी दुखतं, त्याला 'स्पर्शवेदना' म्हणता येईल.

सुश्रुत :
'वेदनाशामक' शब्दही जपून वापरा. या दुखण्यात आधी अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन किंवा प्रेगाबॅलिन देतात. वेदनाशामक म्हटलं की माणूस दुखेल तेव्हाच गोळी घेतो. ही औषधं मात्र रोज घ्यायची असतात. अमिट्रिप्टिलिन बहुधा रात्री १० ते २५ मिलिग्रॅमने सुरू करून हळूहळू वाढवतात आणि गुण यायला काही आठवडे जातात. हे नैराश्यावरचंही औषध आहे, ते पत्रकातच सांगून टाका, नाहीतर वेष्टन वाचून लोक गोळी बाजूला ठेवतात.

तीव्र ओपिऑइड, म्हणजे मॉर्फीनसारखी औषधं, नंतरच्या फळीत. इजा झालेल्या मज्जातंतूंवरचे म्यू ग्राही कमी होतात, म्हणून नेहमीच्या डोसाने तितका आराम पडत नाही. डोस वाढवला की श्वासाचा धोका वाढतो. सोबत प्रेगाबॅलिन किंवा गॅबापेंटिन असेल तर आणखीच.

निशिगंध :
'टॉलरन्स'ला मी 'सहनशीलता' घेतलं होतं.

अक्षरी :
वाचणाऱ्याला वाटेल, दुखणं सोसायचं आहे! 'शरीर औषधाला सरावणं' लिहा : तोच डोस पुरेनासा होतो. 'अवलंबित्व' वेगळं : औषध एकदम थांबवलं की घाम, जुलाब, बेचैनी. 'व्यसन' त्याहून वेगळं : नुकसान दिसत असूनही औषधाची ओढ आवरत नाही. तिन्हींना एकच 'सवय' शब्द वापरला की घाबरून गोळ्या एका दिवसात बंद केल्या जातात आणि वर सांगितलेला त्रास सुरू होतो. पत्रकात एवढं स्पष्ट हवं : 'गोळी स्वतःहून थांबवू नका; डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतील.'