रंधा, पटाशी आणि आपली फजिती : आपापले अनुभव सांगा

मंडळी, गेल्या वेळी आपल्या सुतारकामाच्या क्लबात चौघंजणं एकाच फळीभोवती उभं राहून चार वेगळे सल्ले देत होती आणि फळी बिचारी होती तशीच वाकडी, तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं. तयार झालेल्या वस्तूचं कौतुक नको, हात कुठे फसला आणि मग काय बदललं ते सांगा. सुरुवात मीच करतो.

माझं पहिलं वर्ष पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, दाबण्यात गेलं. दाबायचं, मोगरीने ठोकायचं, कडा फाटल्या की लाकडाला नावं ठेवायची, अंगण वाकडं म्हणायला आपण मोकळे. नवीकोरी पटाशी म्हणजे धार असणारच असा समज, पण बहुतेक नव्या पटाशीला नुसता उतार काढलेला असतो, खरी धार आपणच लावायची असते. आधी पाठ दगडावर घासून सपाट करायची, अख्खी नाही, टोकाकडची दोनेक सेंटीमीटर पुरे. मग २५ अंशाचा उतार १००० नंबरच्या दगडावर घासायचा, पाठीकडून बोट फिरवलं की बारीक बर, म्हणजे धारेवर उलटलेली धातूची किनार, हाताला लागते, ती पूर्ण रुंदीभर लागली की मगच ६००० नंबरच्या, जास्त बारीक दगडावर जायचं. मी बर यायच्या आधीच पुढच्या दगडावर उडी मारायचो आणि तिथंच घोडं पेंड खायचं. धार तपासायला अंगठा नको, पाईनच्या फळीचं टोक तासून बघा, गुळगुळीत कापलं तर ठीक, चुरा पडला तर परत दगडावर.

---

बर बरोबर आहे, पण नवख्याने नुसत्या हाताने अंश धरायच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत. माझ्या पटाशीचा उतार गोल होऊन चमच्यासारखा झाला होता. होनिंग गाईड, म्हणजे पटाशी ठरलेल्या अंशात धरून ठेवणारा साचा, लावलं आणि दोन दिवसांत प्रश्न मिटला. लाज कसली त्यात.

---

माझा रंधा फळी तासायचाच नाही, उकरायचा. पातं बदललं, दगड बदलला, शेवटी कुणीतरी फळी उलटी फिरवून दिली आणि म्हणालं आता मार. लांबच लांब साल निघाली, इतकी पातळ की खालचं बोट दिसत होतं! मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की केस उभे राहतात ना, तसंच मी लाकडाच्या रेषांच्या उलट जात होते. आता आधी फळीची कड बघते, रेषा ज्या दिशेने वर चढतात त्या दिशेने रंधा. गाठीजवळ मात्र रेषा दोन्हीकडे वळतात, तिथे पातं अगदी थोडं बाहेर काढायचं, नाहीतर सरळ स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पातळ पोलादी पट्टी, घ्यायचा.

---

माझी चूक मोठी आणि आवाज करणारी. फळ्या जोडून टेबलाचा वरचा भाग केला, साधारण ६० सेंटीमीटर रुंद, आणि खालच्या आडव्या पट्ट्यांना ग्लू लावून वर स्क्रूसुद्धा घट्ट पिळले, म्हटलं आता हत्ती उभा केला तरी हलणार नाही. हवा कोरडी झाली आणि एका रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज, सकाळी बघतो तर मधोमध पट्टीपासून पट्टीपर्यंत चीर. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं, आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलेलं, मग ते फुटणार नाही तर काय करणार. आता मधला एक स्क्रू घट्ट आणि बाजूच्यांना लांबट भोकं, ग्लू अजिबात नाही. दाराच्या चौकटीतली फळीसुद्धा खाचेत नुसती सरकवतो, चिकटवत नाही. जरा हलते, हलू दे.

---

पेन्सिलीच्या रेषेलाही जाडी असते. सुरीने खूण करा, पटाशी आपोआप त्या चिरेत बसते. मी एवढंच शिकलो, पण जोड तेव्हापासून बसायला लागले.

---

माझा अनुभव लाकडाचा नाही, फडक्याचा आहे, चालेल ना? जवसाचं तेल लावलं, पुसलं, आणि फडक्याचा बोळा भुशाच्या डब्यात टाकून जेवायला गेले. परत आले तर जळकट वास. डब्यात हात घातला आणि चटका बसला, बोळा आतून तापलेला! हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते, वर मी खाली भुसा अंथरून ठेवलेला. आता प्रत्येक फडकं पाण्यात भिजवते आणि बाहेर एकेरी पसरून वाळवते. घरचे विचारतात, रोज एवढं पुसतेस तरी काय?