शॉर्टहँड कॉन्फिगरेशनमध्ये लेडचे २४ इलेक्ट्रॉन कुठे गेले?

अकरावी_सायन्स:
शॉर्टहँडमधे आधीच्या नोबल गॅसचं नाव कंसात आणि पुढे फक्त उरलेले इलेक्ट्रॉन लिहितात (६एस२ म्हणजे सहाव्या कक्षेतल्या एस मधे २ इलेक्ट्रॉन). लेड (शिसं) तक्त्यात सहाव्या ओळीत, १४ व्या ग्रुपमधे, म्हणून मी [झेनॉन] ६एस२ ६पी२ लिहिलं. पण टोटल ५४ + ४ = ५८ च येते आणि लेडचा अणुअंक तर ८२ आहे! कार्बन, सिलिकॉनला हीच पद्धत बरोबर चालते मग इथे काय होतं? आणि आयर्न टू प्लसला (दोन इलेक्ट्रॉन गेलेला आयन) [आर्गॉन] ३डी४ ४एस२ का नाही चालत, शेवटी भरलेले तेच आधी निघणार ना?

केमिस्ट्रीवाली_ताई:
अगं टोटल मारून बघितलीस हे फार चांगलं केलंस, ती सवय सोडू नकोस. ५८ म्हणजे सिरियम झालं. कंसात झेनॉन बरोबरच आहे, मागच्या ओळीचा शेवटचा नोबल गॅस, पण तिथून लेडपर्यंत एकेक घर चालत जायचं, उडी मारायची नाही. आधी ६एस चे २, मग तक्त्याखाली वेगळी काढलेली लॅन्थेनाइडची ओळ लागते ते ४एफ चे १४, मग ५डी चे १०, मग ६पी चे २. म्हणून [झेनॉन] ४एफ१४ ५डी१० ६एस२ ६पी२. कार्बन, सिलिकॉनच्या वाटेत डी, एफ येतच नाहीत म्हणून तिथे जमतं. आणि कंसात फक्त नोबल गॅसच हं, गॅलियमला [झिंक] ४पी१ लिहिलं तर टोटल ३१ जुळेल पण तसं लिहीत नाहीत.

लॅबमधला_दादा:
आयर्नचं सांगतो. भरायचा क्रम आणि काढायचा क्रम एक नाही, काढताना सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले आधी जातात म्हणजे ४एस चे. आयर्न [आर्गॉन] ३डी६ ४एस२, टू प्लस [आर्गॉन] ३डी६, थ्री प्लस [आर्गॉन] ३डी५. अजून एक बघ, आयर्न टू प्लसमधे २४ इलेक्ट्रॉन आणि क्रोमियममधेही २४ च, पण क्रोमियम [आर्गॉन] ३डी५ ४एस१ आहे. त्यामुळे आयनला इलेक्ट्रॉन मोजून दुसऱ्या मूलद्रव्याचं कॉन्फिगरेशन चिकटवू नकोस, आधी न्यूट्रल अणूचं लिही आणि मग त्यातून काढ.

बीएस्सी_झालेला:
क्रोमियम, कॉपरमधे भरायचा नेहमीचा क्रम मोडतो, त्याला "अर्धं भरलेलं, पूर्ण भरलेलं स्थिर" एवढं एकच कारण सगळीकडे सांगतात, मला ते अपुरं वाटतं. क्रोमियमखाली मॉलिब्डेनम त्याच्यासारखंच ४डी५ ५एस१, पण त्याखालचं टंगस्टन [झेनॉन] ४एफ१४ ५डी४ ६एस२ आहे. आणि पॅलेडियम तर नुसतं [क्रिप्टॉन] ४डी१०, ५एस मधे काहीच नाही. हे अपवाद सरळ लक्षातच ठेवावे लागतात.

अकरावी_सायन्स:
थँक्यू सगळ्यांना! मग लेड टू प्लस म्हणजे ६पी चे दोन गेले, [झेनॉन] ४एफ१४ ५डी१० ६एस२, टोटल ८०. बरोबर ना ताई?

केमिस्ट्रीवाली_ताई:
एकदम बरोबर. आता त्या ६एस२ कडे बघ, ती जोडी सहजासहजी सुटत नाही म्हणून लेड फोर प्लसपेक्षा टू प्लसमधे जास्त स्थिर असतं. पुढे पी ब्लॉकच्या (शेवटचे इलेक्ट्रॉन पी मधे भरणारी मूलद्रव्यं) धड्यात इनर्ट पेअर इफेक्ट येईल तो हाच.