श्रद्धेला धक्का देणारा सिनेमा आला, तर ख्रिस्ती माणसानं करायचं काय?

मोहरीचा दाणा

येशूवर किंवा चर्चवर वादग्रस्त सिनेमा वा मालिका आली की आपल्यात ठरलेलं चक्र सुरू होतं. निषेधाचं पत्रक निघतं, ‘बघू नका’चे फॉरवर्ड फिरतात, चार दिवस वातावरण तापतं आणि मग सगळं थंड. ज्या मुलीच्या किंवा मुलाच्या मनात तो सिनेमा पाहून खरोखर प्रश्न उभा राहिला, त्यांच्या पदरात काहीच पडत नाही. ‘तू तो पाहिलासच का?’ एवढंच ऐकायला मिळतं. माझं मत असं की बहिष्काराची हाक देण्याआधी कलाकृती नीट पाहावी, तिच्यातलं चूक काय आणि खरं काय ते निवडावं, आणि विचारणाऱ्याशी समोर बसून बोलावं.

१९८८ साली मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ आला. क्रुसावरच्या येशूला साध्या संसाराचा मोह पडतो, असा त्यात भाग आहे. अमेरिकेत स्टुडिओवर मोर्चे गेले. बिल ब्राइट या नावाजलेल्या सुवार्तिकानं निर्मितीचा खर्च भरून द्यायची तयारी दाखवली. अट एकच, सगळ्या प्रती नष्ट करायला ताब्यात द्या. पॅरिसमध्ये तर कट्टर कॅथलिकांनी सें-मिशेल चित्रपटगृह पेटवलं, प्रेक्षक जखमी झाले.

त्याच वर्षी न्यू यॉर्कचे एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन चर्चचे) बिशप पॉल मूर यांनी तो सिनेमा पाहिला, दिग्दर्शकाशी बोलले आणि त्याच्या हाती एक कादंबरी ठेवली. शुसाकू एन्डो या जपानी कॅथलिक लेखकाची ‘सायलेन्स’. छळाच्या काळातल्या जपानमध्ये विश्वास सोडायला भाग पाडलेल्या जेझुइटांची, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंची, ती कथा. स्कॉर्सेसीच्या मनातून ती कधी गेलीच नाही. २०१६ मध्ये त्यानं तिच्यावर सिनेमा केला आणि रोममध्ये जेझुइटांना तो दाखवला. त्या सगळ्या मोर्चांतून इतकं मोलाचं काय निघालं, हे मला कुणीतरी सांगावं.

निशाण

पूर्ण असहमत, आणि कारणं देतो. बिशपना दिग्दर्शकाची भेट मिळते. साध्या विश्वासणाऱ्याच्या हातात काय असतं? तिकीट न काढणं आणि रस्त्यावर उभं राहून ‘हे आम्हाला दुखतं’ असं सांगणं. तेवढंही तुम्ही काढून घेताय.

आग लावणं हे पापच. पॅरिसचे आर्चबिशप लुस्तिजे यांनी सिनेमाला विरोध केला होता, पण आगीचाही निषेध केला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात. मग शांतपणे उभ्या राहिलेल्यांना जाळपोळ करणाऱ्यांच्या पंगतीला का बसवता? येशूनं त्याची शिष्या मरीया मग्दालीये हिच्याशी लग्न केलं अशी कल्पना रंगवणाऱ्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीवरच्या सिनेमाचं चित्रीकरण इंग्लंडच्या लिंकन कॅथेड्रलमध्ये चाललं होतं, तेव्हा एक नन बाहेर बारा तास प्रार्थना करत होती. तिनं कुणाचं तोंड बंद केलं? तिथे प्रार्थनेसाठी गेलेल्या माणसाला तिच्याकडे बघून निदान एवढं तरी कळलं असेल, की या वास्तूत आपण कशासाठी येतो याची कुणाला तरी चाड आहे.

आणि सौम्यतेसाठी कुणी प्रेषित पौलाचा दाखला देणार असेल, तर तो अर्धाच सांगू नये. अथेनै शहर मूर्तींनी भरलेलं पाहून त्याच्या मनाचा संताप झाला, असं प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये लिहिलंय.

मोहरीचा दाणा

@निशाण, त्या ननबद्दलचं तुमचं म्हणणं रास्त आहे. तिला मी त्या पंगतीला बसवणार नाही.

पण पौलाचा तोच अध्याय पुढे वाचू या. संताप झाल्यावर तो सभास्थानात गेला, बाजारात भेटेल त्याच्याशी रोज बोलला, आणि अरीयपगात, म्हणजे अथेनैच्या सभेपुढे, उभा राहिला तेव्हा त्यांच्याच कवींच्या ओळी त्याच्या तोंडी होत्या. ज्यांच्याशी वाद घालायचा त्यांची कविता त्याला पाठ होती! माझा आग्रह त्या तयारीसाठी आहे.

तुम्ही लिंकनचं सांगितलंत तसं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चचंही बघा. त्यांनी २००५ मध्ये याच सिनेमाच्या चित्रीकरणाला परवानगी नाकारली, कादंबरी धर्मशास्त्रदृष्ट्या भक्कम नाही असं स्पष्ट सांगून. पण तिथे थांबले नाहीत. कादंबरी वाचून येणाऱ्यांच्या शंकांना उत्तरं देता यावीत म्हणून कर्मचाऱ्यांना माहितीपत्रकं दिली. नकार द्यायचा तर असा द्यावा.

बिरुयाकर

मी बायबल अभ्यासाचे वर्ग घेतो, म्हणून ‘द दा विंची कोड’ या कादंबरीबद्दल थोडं सविस्तर. २००३ मध्ये ती आल्यानंतर मला सगळ्यात जास्त प्रश्न तीनच गोष्टींवर आले.

पहिला, निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन येशूला देव ठरवलं का? कादंबरीतलं पात्र तर मतं जवळजवळ समसमान पडली असं म्हणतं. इ.स. ३२५ च्या त्या परिषदेत वाद होता तो आरियस या धर्मगुरूच्या शिकवणीवर, की पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला आहे की पित्यासारखाच अनादी. येशूची उपासना त्याआधी अडीच शतकांहून जास्त काळ चालत आलेली होती. आणि शेवटी सही करायला नकार देऊन आरियसच्या बाजूनं ठाम राहिलेले बिशप दोनच, शेकडोंपैकी.

दुसरा, बायबलमध्ये नसलेल्या फिलिपच्या शुभवर्तमानाचा. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक (जुन्या इजिप्ती भाषेतल्या) हस्तलिखितांपैकी हे एक. येशू मरीया मग्दालीयेचं चुंबन घेत असे, असं त्यातलं वाक्य सगळीकडे फिरतं. मी वर्गात त्या पानाचा फोटोच दाखवतो. पपायरस फाटलेला आहे, आणि चुंबन कुठे, तो शब्द जिथे असायला हवा नेमकं तिथे भोक आहे. ‘ओठांवर’ हा शब्द नंतरच्यांनी भरलेला. फोटो पाहिल्यावर मुलं पुढचा प्रश्न स्वतःच विचारतात, मला ओरडावं लागत नाही.

तिसरा प्रश्न आपल्याला अडचणीचा. चर्चनं मरीया मग्दालीयेवर अन्याय केला का? याचं उत्तर ‘हो’ असं आहे. ती वेश्या होती असं एकाही शुभवर्तमानात नाही. इ.स. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि लूक ७ मधल्या पापी स्त्रीची सांगड घातली, आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये ती समजूत शतकानुशतकं टिकली. कॅथलिक चर्चनं १९६९ च्या उपासना-दिनदर्शिकेत ती गल्लत सोडून दिली, आणि २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. कादंबरीनं तिला येशूची बायको केली हे निराधार. पण तिच्या वाट्याचा मान तिला मिळाला नाही, ही लोकांच्या मनातली खंत खरी होती. म्हणूनच पुस्तक इतकं लागलं. नुसत्या बहिष्कारात हे कबूल करायला जागाच उरत नाही.

वाटसरू

मी चर्च सोडलेला माणूस आहे, तरी लिहितो. तुमची सगळी चर्चा ‘आपल्यावर हल्ला झाला’ इथूनच सुरू होते. २०१५ चा ‘स्पॉटलाइट’ घ्या. बोस्टनमध्ये धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार आणि वरिष्ठांनी केलेली लपवालपवी. त्याला चोख प्रत्युत्तर काय देणार? तिथे पीडितांचं ऐकून घ्यायचं असतं. त्याला ऑस्कर मिळाल्यावर व्हॅटिकनच्या ‘लोसेर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्रानं लिहिलं की हा कॅथलिकविरोधी सिनेमा नाही. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, आजही तसंच वाटतं.

निशाण

@वाटसरू, तिथे माझा काहीच वाद नाही. सत्य दाखवणाऱ्याचे आभारच मानायला हवेत, कितीही बोचलं तरी.

@बिरुयाकर, तुमच्या वर्गात मी आनंदानं बसेन. पण तुम्ही निवडलेली कलाकृती दावे करते, म्हणून तिला पुरावे देता येतात. नुसती टिंगल असेल, प्रभुभोजनाची, क्रुसाची, तर त्यात उत्तर देण्यासारखं असतं काय? आणि ती मी आधी बसून पाहावी ही सक्ती कशासाठी? माझ्या आईची कुणी नक्कल केली तर ती पूर्ण पाहूनच मी उठून जायचं का?

मोहरीचा दाणा

नाही, सक्ती नाही. ज्याच्या सदसद्विवेकाला पटत नाही त्यानं मुळीच पाहू नये. पण जो इतरांच्या वतीनं जाहीर बोलणार आहे, त्यानं तरी पाहिलंच पाहिजे. १९७९ मध्ये ‘लाइफ ऑफ ब्रायन’वर, येशूच्या काळातल्या ब्रायन नावाच्या माणसाला लोक मसीहा समजतात अशा विनोदी सिनेमावर, बीबीसीवर चर्चा झाली. एका बाजूला सिनेमाच्या चमूतले दोन विनोदी नट, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती पत्रकार-लेखक माल्कम मगरिज आणि लंडनमधल्या सदर्कचे बिशप. नंतर कळलं की मगरिज आणि बिशप या दोघांनी सिनेमाची पहिली पंधरा मिनिटं पाहिलीच नव्हती. ब्रायन वेगळा आणि येशू वेगळा, हे त्याच भागात दाखवलंय. डोंगरावरचं प्रवचन करणारा येशू तिथे गंभीरपणे येतो. आक्षेपाला तरीही जागा होती, क्रुसावरच्या गाण्याचा शेवट अनेकांना लागला. पण पाया चुकल्यावर तो आक्षेप कोण ऐकणार?

निशाण

बोलणाऱ्यानं पाहावं, हे मान्य. पण तिकीट न काढणं म्हणजे काहीच न करणं, असं कुणी म्हटलं तर ते मी मान्य करणार नाही. ज्या गोष्टीनं माझ्या प्रभूची थट्टा होते तिला माझे पैसे नाहीत, हीसुद्धा साक्षच आहे.

बिरुयाकर

@निशाण, मग असं करा. तिकीट काढू नका, पण तुमच्या मंडळीतल्या तरुणांना लूक ८ आणि योहान २० घेऊन माझ्याकडे पाठवा. सिनेमा पाहिलेले आणि न पाहिलेले, दोन्ही. मरीयेला कबरेजवळ कोण भेटलं आणि तिला काय सांगून कुणाकडे पाठवलं, तिथून सुरुवात करतो. त्या फाटक्या पानाचा फोटोही आणेन.