मदत हवी आहे: दहाचाकी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) मालगाडी, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) कमी होतं, सकाळी ब्रेकची हवा उतरलेली असते. रोजची तपासणी कोणत्या क्रमानं करावी?

वर्धाकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी दहाचाकी, बीएस-६, एअर ब्रेकची. हिंगणघाट-वणी भागातल्या जिनिंगमधून रुईच्या गाठी आणि सरकी भरतो. दोन तक्रारी आहेत. तीन-चार दिवसांआड अर्धा लिटर कूलंट टाकावं लागतं, पण गाडीखाली ओल कुठंच नाही. दुसरं म्हणजे रात्री ब्रेकच्या हवेचा दाब ८ बार असतो आणि सकाळी पुढच्या-मागच्या ब्रेकच्या मीटरच्या दोन्ही सुया ५ च्या आसपास येऊन थांबलेल्या दिसतात. काय काय पाहावं? रोज सकाळी तपासणीचा नेमका क्रम काय ठेवावा, तेही सांगा. उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून आताच विचारतो.

कमानपाटा:
भाऊ, आधी क्रम सांगतो.

चावी लावायच्या आधी, गाडी थंड आणि सपाट जागी असताना कूलंट, इंजिन ऑइल, बेल्ट आणि गाडीखालची जमीन पाहा. कूलंट टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवं. गरम गाडीचं झाकण उघडू नका, आतल्या दाबानं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. ऑइलची काडी पुसून पुन्हा पूर्ण आत घाला आणि मगच वाचा. गाडी नुकतीच बंद केली असेल तर १०-१५ मिनिटं थांबा, ऑइल खाली उतरायला तेवढा वेळ लागतो.

काडीवर पातळी कमी दिसली की सगळे सावध होतात. वाढलेली दिसली तर "बरं आहे" म्हणून पुढं जातात, तिथंच इंजिन जातं. ऑइल आपोआप वाढत नाही. वाढलं म्हणजे आत डिझेल किंवा कूलंट शिरलं. काडीचा वास घ्या. डिझेलचा वास आला, ऑइल बोटांत पातळ लागलं, तर इंजेक्टर गळतोय किंवा डीपीएफचं (सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी तापवून जाळणं, पुन्हा पुन्हा अर्धवट सुटतंय. दुधाळ दिसलं तर कूलंट आहे, गाडी सुरूच करू नका. म्हणून माझं सांगणं एकच: एक वही ठेवा आणि रोज तारीख, किलोमीटर, काडीची पातळी, कूलंटची पातळी आणि सकाळची हवा लिहा. एका दिवसाच्या आकड्यावरून दोष सापडत नाही, कालच्या आणि आजच्या आकड्यातल्या फरकावरून सापडतो.

बीएस-६ ला ऑइल सीके-४, १५डब्ल्यू-४० (ही ग्रेड डब्यावर लिहिलेली असते) किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं तेच. जुन्या ग्रेडचं ऑइल भरलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती रिजनरेशननंही जळत नाही.

नंतर डिझेल फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी काढा. क्लचचं ऑइल आणि स्टिअरिंगचं ऑइल नुसती नजर टाकली तरी चालतं. कमी असेल तर मात्र भरून मोकळं होऊ नका, गळती शोधा.

हवापाणी:
हवेबद्दल. दोन्ही सुया एकाच ठिकाणी, ५ वर थांबतात ही मोठी खूण आहे. पुढच्या किंवा मागच्या ब्रेकची लाइन गळत असती तर त्या लाइनची सुई ५ वर थांबली नसती, खाली जातच राहिली असती. चार सर्किटचा व्हॉल्व्ह ब्रेकची हवा राखून ठेवतोय, म्हणजे गळती बहुतेक जादा सामानाच्या लाइनला आहे. प्रेशर हॉर्नचा टी-जॉइंट, क्लच बूस्टर, हवेची सीट. हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा आणि साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक जॉइंटला लावा. बाहेरून बसवलेल्या हॉर्नपासून सुरुवात करा. रात्रभर हँडब्रेक लावलेला असतो तेव्हा मागच्या स्प्रिंगच्या चेंबरमध्ये हवाच नसते, त्यामुळे रात्रीची गळती तिथं शोधत बसू नका.

ती गळती वेगळी तपासायची. चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, हवा पूर्ण भरून इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा आणि एक मिनिट सुई पाहा. ०.१५ बारपेक्षा जास्त उतरायला नको. मग पेडल पूर्ण दाबून धरा. पहिला झटका सोडून पुढच्या मिनिटात ०.२ बारच्या आत राहायला हवं. पेडल दाबल्यावरच फुस्स ऐकू आलं तर ब्रेक चेंबरचा पडदा किंवा फूट व्हॉल्व्ह. त्यानंतर पेडल मारून मारून हवा उतरवा, ४-५ बारच्या दरम्यान बझर वाजलाच पाहिजे. बझर बंद असेल तर गाडी हलवू नका.

टाकीखालची साखळी ओढून पाणीही काढा. एअर ड्रायर चांगला असेल तर पाणी जवळपास निघतच नाही. निघालं तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलं, काळं चिकट ऑइल आलं तर कंप्रेसर ऑइल फेकतोय.

कमानपाटा:
तुम्ही रुई भरता, म्हणून एक गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. जिनिंगमधला कापसाचा तंतू इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत नमदा साचलेला असतो. टॉर्च लावून वरून पाहा. साफ करताना हवा इंजिनकडून समोर मारा, कमी दाबानं आणि सरळ. समोरून मारली तर तंतू आणखी आत जातो, तिरकी मारली तर पाती वाकतात. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हीच जाळी गाडी तापवते.

रिजनरेशन चालू असेल तर जिनिंगच्या आवारात गाडी उभी करू नका. सायलेन्सर तेव्हा शेकडो अंश तापलेला असतो, खाली पडलेल्या कापसानं पेट घ्यायला वेळ लागत नाही. गाडीत रिजनरेशन थांबवायचा स्विच असेल तर गेटच्या आधीच दाबा, बाहेर पडल्यावर चालू करा आणि ते पूर्ण होऊ द्या.

काळीमाती:
डीईएफबद्दल, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रावणाबद्दल, कुणी लिहिलं नाही. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी असतं. शेतातला युरिया पाण्यात घोळून टाकायचा सल्ला काही जण देतात, तो अजिबात ऐकू नका. खताच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, त्यानं डीईएफ फवारणारा नोझल आणि कॅटलिस्ट (धूर साफ करणारा भाग) दोन्ही जातात. कॅन ताडपत्रीखाली उन्हात ठेवू नका, ३० अंशांच्या वर ते लवकर खराब होतं. डीईएफच्या टाकीत चुकून डिझेल पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका, आधी टाकी रिकामी करून धुवा.

आणि टायर. उन्हाळ्यात चालती गाडी थांबवून गरम टायरची हवा सोडायची पद्धत आहे, ती बंद करा. हवा मोजायची ती सकाळी, थंड टायरची. गरम असताना सोडली तर थंड झाल्यावर ती कमी पडते, टायरच्या बाजू जास्त वाकतात, आणखी तापतात आणि टायर फुटतो. जोडटायरमधल्या आतल्या टायरला गेज लावाच, नुसता टॉमी (लोखंडी दांडा) मारून अंदाज घेऊ नका. दोन टायरमध्ये अडकलेला दगडही काढा. नटापासून बाहेर गंजाची रेघ निघालेली दिसली तर तो नट सैल आहे.

वर्धाकाठ:
सगळ्यांचे आभार. हवेची गळती सापडली, हॉर्नच्या टी-जॉइंटला बुडबुडे येत होते. जाळीही साफ केली. काडी स्वच्छ आहे, ऑइल वाढलेलं नाही. पण कूलंट अजून कमी होतंच. होस, क्लिप, वॉटर पंप, सगळं कोरडं आहे.

कमानपाटा:
वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी वाळलेला रंगीत डाग नाही ना, ते एकदा पाहा. तोही नसेल तर ईजीआर कूलरवर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटनं थंड करणाऱ्या भागावर) संशय घ्या. तो आतून फुटला की कूलंट धुरातून निघून जातं, बाहेर थेंब दिसत नाही. सकाळी सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर आणि ईजीआरचा पाइप उघडल्यावर आत ओल, या त्याच्या खुणा. गॅरेजात थंड गाडीवर प्रेशर टेस्ट करून घ्या: टाकीच्या तोंडाला पंप लावून झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब द्यायचा आणि १५-२० मिनिटं सुई पाहायची.

तोवर बोअरचं पाणी टाकू नका, त्याचे क्षार कूलरच्या नळ्यांत बसतात. तयार मिश्रणाचं कूलंटच टाका आणि किती टाकलं ते वहीत लिहा. रोजचं प्रमाण वाढत असेल तर लांबचा माल घेऊ नका. रात्री कूलंट सिलिंडरमध्ये साचलं असेल तर सकाळी स्टार्टर अर्ध्यात अडतो. तसं झालं तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवायचं, पाणी बाहेर येऊ द्यायचं, आणि मगच पुढचं काम.