मदत हवी आहे: पेनड्राइव्ह उघडत नाही, तातडीचं

सिडकोकर: पेनड्राइव्ह लावला की ‘फॉरमॅट करा’ येतंय. कालपर्यंत चालत होता. संध्याकाळी सिन्नरला निघायचंय. करून टाकू का फॉरमॅट? लवकर सांगा.

पंचवटीकर: अजिबात नको! कुठल्या कॉम्प्युटरवर लावताय? काल कुठे चालला? आत काय आहे?

सिडकोकर: विंडोज १०. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ. काल फोटोवाल्याकडे माझ्यासमोर चालला.

द्वारका_चौक: व्हायरस असणार. शॉर्टकट व्हायरसने माझी सगळी फोल्डरं लपवली होती, अ‍ॅट्रिब कमांड दिल्यावर परत दिसली. तेच करा.

पंचवटीकर: दादा, त्यात ड्राइव्ह निदान उघडतो तरी. सिडकोकर, फोटोवाल्याकडे मॅक आहे का?

सिडकोकर: हो. त्यानेच आधी पुसला आणि मग व्हिडिओ भरला. त्याने काय होतं?

पंचवटीकर: तिथेच घोळ आहे. मॅकवर पुसताना एपीएफएस नाहीतर एचएफएस प्लस, म्हणजे मॅकची फाइली ठेवायची पद्धत, ठेवलं असणार. विंडोजला दोन्ही आपणहून वाचता येत नाहीत, म्हणून ते फॉरमॅट मागतंय. व्हिडिओ बहुतेक शाबूत आहे. ‘फॉरमॅट’ दाबू नका, एवढं ऐका.

गोदाकाठ: दुसऱ्या पेनड्राइव्हवरून उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स, चालू करा, लगेच दिसेल. मी सहा वर्षं तेच वापरतोय.

पंचवटीकर: एचएफएस प्लस असेल तर दिसेल. एपीएफएस लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नाही. संध्याकाळच्या घाईत त्यांना यात कशाला पाडता?

गोदाकाठ: शिकले तर जन्मभर उपयोगी पडेल. मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालणारी एक्सफॅट पद्धतसुद्धा २०१९ पासून, ५.४ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे.

द्वारका_चौक: एफएटी३२ करून घ्या, सगळीकडे चालतं.

पंचवटीकर: फाइल केवढी आहे?

सिडकोकर: ११ जीबी, एकच. आजीला टीव्हीवर दाखवायचीय.

पंचवटीकर: टीव्हीचं आधी सांगायचं ना! एफएटी३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. विंडोजचं एनटीएफएसही नको, मॅक ते नुसतं वाचतो, लिहीत नाही. फोटोवाल्याला एक्सफॅट करून पुन्हा भरायला सांगा. त्याच्याकडे मूळ फाइल आहे ना, ते आधी विचारा, मगच पुसू द्या. आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढू नका. टीव्हीने एक्सफॅट घेतलं नाही तर लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडा.

द्वारका_चौक: विंडोज १० ला इजेक्ट लागत नाही. १८०९ या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’, म्हणजे थेट काढायची सोयच असते.

पंचवटीकर: विंडोजवर असेल. कॉपी मॅकवर होणार आहे.

सिडकोकर: फोन लागला. मूळ फाइल आहे त्याच्याकडे, चारला बोलावलंय. केबल शालिमारला मिळेल का?

गोदाकाठ: मिळेल. टीव्ही भिंतीला असेल तर लांब घ्या. लिनक्सचं मात्र सवडीने बघाच.